सेल्फ मारताच कोण बोललं?

इंजिन सगळ्यांत खरं बोलतं ते सकाळी, पहिल्या पाच सेकंदांत. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, धातू आक्रसलेला असतो, रबर कडक झालेलं असतं. किल्ली फिरली की सगळ्यांची एकदम हजेरी होते आणि कोण गैरहजर आहे ते आवाजावरून कळतं. मग ऑइल वर चढतं, धातू फुगतो, फटी बुजतात आणि गाडी साळसूदपणे चालू लागते. गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत ती इतकी गप्प झालेली असते की मिस्त्री गाडीऐवजी तुमच्याकडेच संशयाने बघतो.

त्यामुळे आवाज किती मोठा होता ते सोडा. तो कधी सुरू झाला आणि कधी थांबला, एवढं डोक्यात ठेवा. सोसायटीला जाग आणणारी किंचाळी एका बेल्टच्या किमतीत मिटते. कान देऊन ऐकावी लागणारी ठकठक मात्र इंजिन खाली उतरवायला लावते.

भेस्तानचे कान

उधना आणि सचिन या दोन स्टेशनांच्या मधलं भेस्तान आता सुरतच्या पोटात गेलंय. एका अंगाला पांडेसऱ्याची जीआयडीसी, पुढे सचिनची. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात खानदेशातून आलेली इतकी घरं आहेत की गुजरातीत सुरू झालेलं बोलणं अहिराणीत कधी शिरलं ते कळत नाही. यातल्या कितीतरी जणांची उमर लूमच्या खात्यात गेलेली. मागांच्या गदारोळात एखादाच माग वेगळा वाजला तर त्यांची मान आपोआप तिकडे वळते. असा माणूस शेजारी असेल तर गाडी आधी त्याला ऐकवा, स्कॅनर नंतर लावा.

शिवाय इथलं राहणीमान गाडीला चारही बाजूंनी धरतं. समुद्राची दमट हवा, पावसाळ्यात खाड्यांचं पाणी, अनेकांच्या डिकीत सीएनजीची टाकी, आणि दिवाळीला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) थेट धुळ्या-नंदुरबारकडची वारी. म्हणजे एकाच गाडीत चार प्रकारचे आवाज ऐकायची सोय.

टकटकटकटक

किल्ली फिरवली, इंजिन फिरलंच नाही, नुसती टकटकटकटक. ही बॅटरी. झालं काय, तर सेल्फच्या डोक्यावरचा सोलेनॉइड वीज मिळताच आत ओढला जातो, मोटर भरमसाठ करंट मागते, मरगळलेल्या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज परत सावरतो आणि तो पुन्हा ओढला जातो. सेकंदाला अनेकदा हाच खेळ.

एकच ठोस ‘टक्’ येऊन शांतता पसरली, तर संशय बॅटरीकडून सेल्फकडे वळवा. घरच्या घरी परीक्षा: हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे विझल्यासारखे झाले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. दिवे जसेच्या तसे ठणठणीत आणि आवाज नुसता टक्, तर सोलेनॉइड किंवा मोटरचे कार्बन. पान्याच्या दांड्याने सेल्फवर दोन हलके ठोके मारून गाडी सुरू करणारा मिस्त्री जादूगार नसतो. अडकलेला कार्बन ठोक्याने जागेवर बसतो, इतकंच. ही युक्ती घरी पोचण्यापुरती. उद्या पुन्हा चालेल याची हमी नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. बॅटरी बदलण्याआधी हे करून बघितलं तर कित्येकांचे पैसे वाचतील. आणि मल्टिमीटर हाताशी असेल तर आकडे सोपे आहेत: रात्रभर थांबलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. चालू इंजिनावर १२ च दिसले तर बिचाऱ्या बॅटरीला शिव्या देऊ नका. अल्टरनेटर झोपलाय.

थंडीवर खोटा आळ

बॅटरी मरते जानेवारीत, पण तिला मारतो मे महिना. उष्णतेने आतल्या प्लेटा गंजतात, पाणी उडतं. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरत असल्याने ते झाकून राहतं. भेस्तानच्या कोमट हिवाळ्यातही झाकून राहतं. मग गाडी निघते गावाला. सुरतहून बारडोली, व्यारा, सोनगढ करत राष्ट्रीय महामार्ग ५३ ने नवापूर. पुढे कोंडाईबारी घाट, साक्री आणि धुळे. थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर येतो. रात्री अंगणात लावलेली गाडी सकाळी ‘उंऽऽ… उंऽऽ…’ करत कण्हते आणि घरचे म्हणतात, इथली हवा गाडीला मानवली नाही.

हवेचा दोष फारच थोडा. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. मिळकत कमी, खर्च जास्त. भेस्तानात कसाबसा निभावणारा गडी धुळ्यात उघडा पडतो.

ऑइलच्या डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा जितका लहान तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं आणि तितकं चटकन वर पोचतं. ‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाका’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो अगदीच चुकीचा नाही, पण नव्या धाटणीच्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळचा खडखडाट वाढतो, कारण वरच्या मजल्यावर ऑइल उशिरा येतं.

मनगट मोडणारं इंजिन

सेल्फ नव्हता तेव्हा गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवत. जुन्या जीप आणि अ‍ॅम्बॅसॅडर हाताळलेल्यांना ते हँडल आठवत असेल. त्यात एक धोका होता. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल मनगटावर यायचं. यातून मनगटाजवळच्या हाडाचं एक विशिष्ट फ्रॅक्चर इतकं होऊ लागलं की अस्थिरोगाच्या पुस्तकांत त्याला आजही शोफरचं फ्रॅक्चर म्हणतात. म्हणून जुनेजाणते शिकवायचे की अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. झटका आला तर हात सुटतो.

१९११ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. केटरिंग आधी दुकानांतल्या गल्लायंत्रांच्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला त्याने छोटी मोटर बसवली होती आणि तिथेच त्याला कळलं होतं की क्षणभरच काम करायचं असेल तर लहानशा मोटरकडून तिच्या कुवतीबाहेरचा जोर काढून घेता येतो. तुमच्या गाडीतला सेल्फ आजही याच तत्त्वावर चालतो. म्हणून सलग दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही. थांबा, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग पुन्हा. हट्टाने मारत राहिलात तर जळका वास येतो आणि खर्च वाढतो.

घर्रर्रक्

धातूवर धातू घासल्याचा भयंकर आवाज. इंजिन चालू आहे हे विसरून पुन्हा किल्ली फिरवली की हा येतो, आणि हल्लीची इंजिनं इतकी मुकी असतात की सिग्नलला कुणाकडूनही हे घडतं. एकदा घडलं तर घाबरू नका. पण रोज सकाळी घडत असेल तर सेल्फचं दातेरी चाक, मिस्त्रीच्या भाषेत बेंडिक्स, फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये नीट बसत नाहीये. नुसतं बेंडिक्स बदलणं स्वस्त. दुर्लक्ष करून रिंगचे दात गेले की गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय सुटका नाही.

बेंडिक्स हे आडनाव आहे, बरं का. व्हिन्सेंट बेंडिक्स नावाच्या अमेरिकी गृहस्थाचं. भारतातल्या गॅरेजांत हा माणूस रोज शंभरदा हाक मारून बोलावला जातो.

किंचाळी

सुरू होताच ‘कीऽऽऽ’, मग दहा-वीस सेकंदांनी गप्प. भेस्तानच्या पावसाळी सकाळी ही किंचाळी घरटी एक. फॅन बेल्ट घसरतोय. सुरू झाल्या झाल्याच का? कारण सेल्फने बॅटरीतून खेचलेली वीज परत भरायला अल्टरनेटर त्याच क्षणी सगळ्यांत जास्त जोर लावतो, आणि बेल्टवर रात्रीची ओल असते.

इथे एक सुंदर परीक्षा आहे, पाच मिनिटांची. बॉनेट उघडा, इंजिन चालू असताना फवाऱ्याच्या बाटलीने बेल्टच्या रेघांच्या बाजूवर साधं पाणी मारा. शर्टाची बाही, ओढणी, साडीचा पदर यांना लांब ठेवून. पाणी पडताच आवाज क्षणभर थांबला आणि परत आला, तर बेल्टच्या पुल्या एका रेषेत नाहीत. एखादी वाकलीय किंवा तिचं बेअरिंग गेलंय. पाणी पडताच आवाज उलट वाढला, तर ताण कमी आहे: बेल्ट जुना झालाय किंवा टेन्शनर ढिला. दोन थेंबांत निदान, आणि त्यावरून बेल्ट बदलायचा की पुली हे ठरतं. नाहीतर लोक बेल्टवर बेल्ट बदलत राहतात आणि महिन्याभरात किंचाळी हजर.

बेल्टला साबण किंवा पावडर लावायचा जुना इलाज मात्र करू नका. आवाज आठवडाभर जातो, रेघांत लगदा साचतो आणि खरा दोष तसाच राहतो.

किंचाळीऐवजी सतत ‘घुंऽऽ’ असेल आणि रेससोबत चढत असेल, तर बेअरिंग: अल्टरनेटरचं, आयडलरचं किंवा वॉटर बॉडीचं, म्हणजे कूलंटच्या पंपाचं. वॉटर बॉडीखाली कूलंटचा सुकलेला डाग दिसला तर शोध तिथेच संपला.

खर्रर्र… आणि गप्प

आता महागडं पात्र. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना एक-दोन सेकंद डबड्यात खडे हलवल्यासारखी खर्रर्र, मग सगळं शांत. दुपारी गाडी परत सुरू केली तर काहीच नाही. ही बहुतेक वेळा टायमिंग चेन.

चेन ताणून धरायला एक टेन्शनर असतो आणि बऱ्याच इंजिनांत तो ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल गळून गेलं की सकाळी पहिले क्षण चेन मोकळी असते आणि कव्हरवर, गाइडवर आपटते. दाब आला की चूप. गॅरेजमध्ये म्हणतात ‘चेन ताणली गेली’, पण पोलादाच्या कड्या रबरासारख्या लांबत नाहीत. कड्यांमधल्या पिना झिजतात. प्रत्येक पिन केसाहूनही कमी झिजते, पण पिना शंभरावर असल्या की सगळ्यांची झीज मिळून चेन लांब होते. पिना झिजवणारा मुख्य आरोपी म्हणजे वेळेवर न बदललेलं ऑइल.

१.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया… इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत ते होतं की लोक त्याला गमतीने भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते बनायचं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण टॅक्सीत राबलेल्या जुन्या डिझायर अजून रस्त्यावर आहेत, आणि ऑइलच्या बाबतीत कंजुषी झालेल्या गाड्यांत सकाळची ही खर्रर्र ऐकू येते.

आता स्वस्त शक्यता, जी आधी तपासायची. ऑइल फिल्टरच्या आत रबराची एक झडप असते. इंजिन बंद झाल्यावर ऑइल परत खाली जाऊ नये म्हणून. बाजारातल्या स्वस्त फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते किंवा धड बसतच नाही. मग रोज सकाळी फिल्टर रिकामा, दाब उशिरा, खडखडाट ठरलेला. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेल्या इंजिनांत तर जास्तच. तेव्हा क्रम असा: आधी सपाट जागेवर थंड इंजिनाची ऑइलकाठी बघा, मग कंपनीने सांगितलेलं ऑइल आणि अस्सल फिल्टर टाका, आठवडाभर ऐका. तरीही खर्रर्र राहिली तर चेन, टेन्शनर आणि गाइड असा पूर्ण संच. एकटी चेन बदलून जुना टेन्शनर ठेवणं म्हणजे दुसऱ्यांदा इंजिन उघडायची तयारी.

एक गोष्ट चेनच्या बाजूने सांगितली पाहिजे. ती बोलून दाखवते. रबरी टायमिंग बेल्ट शेवटच्या दिवसापर्यंत चकार शब्द काढत नाही आणि तुटतो तेव्हा कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकवून जातो. बेल्टवाल्या गाडीत कानावर विसंबू नका, किलोमीटरवर विसंबा.

टिकटिक: चार संशयित

शिलाई मशीनसारखी बारीक, जलद टिकटिक. पहिला संशयित टॅपेट. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ऑइल भरेपर्यंत थोडी टिकटिक होते आणि जाते. त्यात काळजीचं काही नाही. मिनिटभराने गेली नाही तर ऑइल तपासा.

दुसरा संशयित लबाड आहे. इंजिन आणि सायलेन्सरच्या जोडावरचं गॅस्केट किंवा मॅनिफोल्डची बारीक चीर. थंडीत तिथून धूर टिकटिक करत निसटतो. लोखंड तापून फुगलं की चीर बुजते आणि आवाज गायब. ओळख म्हणजे जोडाभोवती काळपट काजळी. तिसरा संशयित निर्दोष: नव्या डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनांचे इंजेक्टर आणि त्यांचा पंप टिकटिक करतातच. तेच त्यांचं काम.

चौथा सीएनजीवाल्यांसाठी, आणि तो आवाज नसून आवाजाचा अभाव आहे. सीएनजी कोरडी. थेंबांच्या रूपात येणाऱ्या पेट्रोलने व्हॉल्व्हला मिळणारा थोडा थंडावा ती देत नाही. वर्षानुवर्षांत व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये झिजून वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी कमी होत जाते. ज्या इंजिनात टॅपेट हाताने सेट करायचे असतात, तिथे पूर्वी किंचित वाजणारं इंजिन हळूहळू मऊ होतं आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा झालेला असतो. तो जळतो, कॉम्प्रेशन जातं, आणि एका सकाळी गाडी सुरूच होत नाही. म्हणून सीएनजीच्या गाडीत टॅपेट थोडे बोललेले बरे. गप्प झाले की फीलर गेज लावायला सांगा.

फट्!

सीएनजीचा दुसरा नमुना. सेल्फ मारताच बॉनेटखाली बार उडतो, कधी एअर फिल्टरची पेटीच उघडते. जुन्या मिक्सर किटमध्ये हे जास्त. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा तगडी ठिणगी लागते. प्लग झिजलेला, फट वाढलेली, कॉइल अशक्त असली की मिश्रण वेळेवर पेटत नाही आणि उघड्या व्हॉल्व्हमधून ज्वाळा मागे येते. म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग पेट्रोलच्या हिशेबाने चालवू नका, आधी बदला.

बहुतेक सिक्वेन्शियल किट गाडी पेट्रोलवर सुरू करून नंतर गॅसवर नेतात. त्या वेळी येणारा ‘टक्’ हा गॅसच्या व्हॉल्व्हचा, निर्धास्त राहा. टाटांनी २०२२ मध्ये टियागो सीएनजी आणली ती थेट गॅसवर सुरू होणारी. आणि टाकीची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट विसरू नका. आत २०० बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट.

ठक्. आणि शांतता.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला आणि जवळजवळ अख्खं सुरत पाण्यात गेलं. शहराच्या दक्षिण-पूर्वेकडच्या वस्त्यांना तापीइतकीच खाड्यांची धास्ती. रात्री जोराचा पाऊस, पहाटे पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, सकाळी पाणी ओसरलेलं. मालक घाईने येतो, किल्ली फिरवतो. ‘ठक्’. पुढे काही नाही.

इथे दुसऱ्यांदा किल्ली फिरवणं ही या लेखातली सगळ्यांत महाग कृती आहे.

हिशेब बघा. १२०० सीसीचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. प्रत्येक सिलिंडर ३०० सीसी. कॉम्प्रेशन १० ला १ धरलं तर पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर जागा उरते सुमारे ३३ मिलिलिटर. म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढ्याच आकाराच्या, १७ ला १ कॉम्प्रेशनच्या डिझेल सिलिंडरला तर १९ मिलिलिटर पुरे. सेल्फचा जोर कमी असल्याने पहिल्या ‘ठक्’ला बहुधा काही मोडत नाही. पण पाण्यात गाडी चालवत असताना आत पाणी ओढलं गेलं, किंवा धक्का स्टार्टचा प्रयत्न झाला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

करायचं ते एवढं: किल्ली काढा, बॅटरीचं निगेटिव्ह सोडा, एअर फिल्टरची पेटी उघडून आत ओल आहे का बघा, ऑइलकाठी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी उचलून न्या. मिस्त्री प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवतो, पाण्याची पिचकारी बाहेर उडते, मग ऑइल-फिल्टर बदलून सुरू करतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जोडकलम घ्यावं लागतं. ते घ्यायचा महिना मे. जुलैत आठवून उपयोग नाही.

डिझेलचा खोकला

डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापून इंधन आपोआप पेटतं. थंड इंजिनात पेटायला क्षणभर उशीर होतो, तोवर जास्त डिझेल साचतं आणि ते एकदम भडकतं. तीच थंडीतली ठोकठोक. नवी कॉमन रेल इंजिनं मुख्य फवाऱ्याआधी चिमूटभर डिझेल सोडून हा धक्का मऊ करतात. डॅशबोर्डवर वेटोळ्याचं पिवळं चिन्ह दिसतं ते हीटर प्लगचं. ते विझेपर्यंत थांबलात तर धुळ्याची सकाळही सुकर जाते. सगळ्यांत वाईट सवय म्हणजे सुरू होताच गड्ड गड्ड रेस देणं. ऑइल अजून वाटेत असताना बेअरिंगांना पळायला लावण्यासारखं ते. अर्धा मिनिट थांबा आणि सावकाश निघा.

ज्यांचा इंजिनाशी संबंधच नाही

‘फर्रर्र’: एसीच्या ब्लोअरमध्ये कडुनिंबाची काडी. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांचा खास रोग. ब्लोअर बंद करताच आवाज बंद.

मागच्या सीटखालून दोन सेकंद ‘झूंऽ’: पेट्रोल पंप दाब भरतोय. असायलाच हवा. मात्र तो रडल्यासारखा लांबला तर पेट्रोलची टाकी नेहमी रिझर्व्हवर ठेवायची सवय आठवा. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो.

खालून टिनाची ‘झणझण’, ठरावीक रेसला: सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा स्क्रू गंजलाय. स्टीलची एक क्लिप आवळली की काम झालं.

सुरू होताना आणि बंद होताना ‘धडाम’ हिसका: इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, फाटलंय.

क्लच दाबताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. दाबताच थांबली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. क्लच दाबल्याशिवाय सुरू न होणाऱ्या गाड्यांत ही फसगत हटकून होते.

‘म्याँव’: हा विनोद नाही. उबेला मांजर इंजिनाजवळ झोपतं. जपानमध्ये निसान कंपनीने सुरू करण्याआधी बॉनेटवर थापा मारा अशी मोहीमच चालवली होती. आपल्याकडे उंदीरही असतात. ते थापांना भीक घालत नाहीत आणि वायरी खातात.

मिस्त्रीचा स्टेथोस्कोप

रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्मला. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हर वापरतो. टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाला. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादात पाच हजारांच्या वर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजूबाजूचा गोंगाट वगळला जाऊन नेमक्या त्या जागेचा आवाज कानात येतो. टोक अल्टरनेटरवर, मग आयडलरवर, मग वॉटर बॉडीवर. जिथे खरखर मोठी, तिथे चोर. फिरत्या बेल्टपासून आणि पंख्यापासून मात्र हात जपा.

अनुभवी कान आणखी एक गणित करतो. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा. म्हणून ८०० च्या आयडलला वरची टिकटिक मिनिटाला ४०० च्या चालीने येते आणि खालची ठकठक ८०० च्या. संथ चाल म्हणजे वरचं, व्हॉल्व्हकडचं दुखणं. दुप्पट चाल आणि आवाज जाड असेल तर खाली पाहा. गरम झाल्यावर विरत जाणारी जाड ठकठक पिस्टनची. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की बोअरमध्ये नीट बसतो. अशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात. गरम झाल्यावर वाढणारी ठकठक बिग एंड बेअरिंगची. ती ऐकली की गाडी तिथेच बंद करायची, गॅरेजपर्यंतही चालवायची नाही.

आवाज काढून दाखवा

अमेरिकेत टॉम आणि रे मॅग्लिओझी या मेकॅनिक भावांच्या ‘कार टॉक’ या रेडिओ कार्यक्रमाचे नवे भाग २०१२ पर्यंत येत होते. श्रोते फोन करून तोंडाने गाडीचे आवाज काढायचे आणि हे दोघे हसत हसत निदान करायचे. तुमचा मिस्त्रीही हसेल, हसू द्या. ‘कसातरी आवाज येतो’ यापेक्षा ‘पहिले दोन सेकंद खर्रर्र, मग काही नाही, फक्त सकाळी’ हे वाक्य त्याचे दोन तास वाचवतं.

त्याहून चांगलं म्हणजे मोबाइल. सकाळी बॉनेट उघडा, रेकॉर्डिंग लावा आणि घरातल्या दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. किल्ली फिरण्याआधीच रेकॉर्डिंग सुरू असू द्या. खरी भानगड पहिल्या सेकंदात असते. ते जमलं नाही तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये ठेवा, म्हणजे मिस्त्री आला की ती थंड सापडेल.

इलेक्ट्रिक गाडीवाले आतापर्यंत गालातल्या गालात हसत असतील. त्यांनी बटण दाबल्यावर नीट ऐकावं: सीटखालून एक ‘टक्’ येतो. मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारा कॉन्टॅक्टर बसल्याचा तो आवाज. नवी गाडी घेतली की ‘खालून टक् येतंय’ म्हणून दाखवायला नेणारे बरेच. आणि युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करावा लागतो, पायी चालणाऱ्यांना ती येतेय हे कळावं म्हणून.